चावीवाल्याचा दिवा

सहदेव केणे याला अंधाराची भीती वाटू लागली ती वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. लहानपणी खाडीकाठच्या बांधांवरून आजोबांमागे तो भर काळोखात अनवाणी चालला होता आणि पाय कुठे टाकावा हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. पुढे बांध गेले, शेत गेले, शेतावर चार मजली वसाहती उभ्या राहिल्या, आणि त्या वसाहतींना पाणी सोडण्याची नोकरी शेतमालकाच्या मुलाला मिळाली. यालाच काही लोक विकास म्हणत असत.

शहाड स्टेशनपासून मोहन्याच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावर जमिनीखाली पाच व्हॉल्व्ह होते. प्रत्येक व्हॉल्व्ह पुरुषभर खोल चौकोनी खड्ड्यात बसवलेला, खड्ड्यावर बिडाचे जड झाकण. पहाटे साडेतीनला सायकलवर निघायचे, झाकण आकड्याने ओढून बाजूला सरकवायचे, दांड्याला बांधून आणलेली लांब लोखंडी चावी खाली उतरवून आटे फिरवायचे, पाणी सोडायचे, झाकण लावून पुढच्या खड्ड्याकडे जायचे. लोक त्याला चावीवाला म्हणत. पाणी आले तर कोणी त्याची आठवण काढत नसे. पाच मिनिटे उशीर झाला, तर मात्र त्याच्या सात पिढ्यांची चौकशी होई.

चौदा वर्षे हे चालले. अठ्ठ्याऐंशी साली दिवाळीच्या सुमारास तो एकदा तिन्हीसांजेला स्वतःच्याच ओटीवर सरपणाच्या मोळीला अडखळून पडला. मग एकदा दारात बांधलेल्या बोकडावर आदळला. दिवसा सारे ठीक दिसे. दिवस मावळला की नजरेच्या कडा आत येऊ लागत, आणि रात्री जग एखाद्या पाइपाच्या टोकातून पाहावे तेवढेच उरे. कल्याणच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून, दिवे विझवून, लावून तपासले आणि कागदावर लिहून दिले. पडद्याचा आजार आहे, चष्म्याने जाणार नाही, औषधानेही नाही, हळूहळू वाढेल, रात्रीचे काम ताबडतोब सोडावे. हे सांगताना डॉक्टरांच्या आवाजात काळजी होती, पण रात्रीचे काम सोडल्यावर दिवसाचे कोण देणार, हे कागदावर लिहिलेले नव्हते.

तो कागद त्याने पत्र्याच्या ट्रंकेत लुगड्यांच्या खाली ठेवला. त्याची बायको मंजुळा हिलाच तेवढे ठाऊक होते.

"मुकादमाला सरल सांगा ना," ती म्हणाली.

"सांगितलं तर काय करंल तो?"

"दुसरं काम दील."

"दुसरं काम नाय देत. डॉक्टरी करतात, आणि नापास झाला का घरी बसवतात. गेल्या साली एकाला बसवला, त्याची तर नुसती कंबर धरलेली."

मंजुळेने ट्रंक उघडून कागद आणखी खाली सरकवला. तिने वाद न घातल्याने त्याची भीती अधिकच वाढली, कारण वाद घालण्यासारखे काही असते तर तिने तो घातला असता.

रस्त्यावर खांब होते. खांबांची संख्या मोजून कोणी अहवाल लिहिला असता तर तो रस्ता चांगलाच उजळलेला ठरला असता. बल्ब मात्र सातांपैकी एखाद्यावर, आणि तोही रेल्वे फाटकाच्या अलीकडे, जिथे आधीच फाटकवाल्याचा कंदील असे. म्हणून सहदेवने ठरवले की सरकारी उजेडाची वाट न पाहता स्वतःचा उजेड विकत घ्यायचा. जन्मात त्याने एवढा विचार करून कोणतीही वस्तू घेतली नव्हती.

शहाड स्टेशनबाहेर आनंदशेठचे सायकलचे दुकान होते. सहदेव गेला तेव्हा आनंदशेठ पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. बाकड्यावर दोघेजण नुसतेच बसले होते, जसे प्रत्येक सायकलच्या दुकानात कोणी ना कोणी बसलेले असते.

"डायनॅमो घे," आनंदशेठ मान वर न करता म्हणाला. "एकदाच खर्च. मग नुसते पाय मारायचे आणि उजेड खायचा."

"थांबल्यावर दिवा राहतो का?"

"थांबल्यावर कशाला पाहिजे दिवा? दिवा पोलिसासाठी असतो. पोलिसाला दिसला की झालं काम."

"मला खड्डे दिसायला पाहिजेत."

आनंदशेठने आता मान वर केली. "चौदा वर्षं ह्याच रस्त्यानं जातोस ना? तुला खड्डे पाठ नाहीत? खड्ड्यांना तरी तू पाठ असशील."

बाकड्यावरचे दोघे हसले. त्यांतला एक म्हणाला, "वय झालं चावीवाल्याचं. काठी पण द्या एक, पांढरी."

सहदेवही हसला. या दोघांपैकी एकाचा भाऊ पाणीखात्यातच होता.

"लावून बघू दे," तो म्हणाला.

दुकानामागच्या अंधाऱ्या बोळात त्याने डायनॅमो लावलेली सायकल चालवून पाहिली. बाटलीच्या आकाराचे ते यंत्र मागच्या टायरला घासत घरघर करू लागले आणि दिवा पेटला. जोराने पाय मारले की उजेड पांढरा होई. हळू गेले की पिवळा, मग तांबडा, मग नाहीसा. सहदेवला त्यातली खोच लगेच कळली. ज्याला रस्ता नीट दिसतो तोच जोरात जातो. ज्याला दिसत नाही तो भिऊन हळू जातो, हळू गेला की दिवा मंद होतो, दिवा मंद झाला की तो आणखी भितो. त्याच्यासारख्या माणसाला नेमके नको असलेले यंत्र या जगात असेल, तर ते हेच होते.

दुसरा मार्ग तीन सेलांच्या बॅटरीचा. हँडलला पत्र्याची पकड लावायची, तीत बॅटरी अडकवायची, खड्ड्यापाशी उतरलो की काढून हातात घ्यायची. ती थांबल्यावरही पेटते. पण सेल रोज जळतात. स्वस्तातले घेतले तर सहाव्या दिवशी चिकट पाणी सोडून बॅटरीचा पत्रा खातात. चांगले घेतले तर बारा रात्री टिकतात, आणि तेराव्या रात्री पगाराला अजून आठवडा असतो. बल्बातही हाच पेच. लहान बल्ब सेल वाचवतो, पण उजेड शेणाने सारवल्यासारखा. मोठा बल्ब रस्ता दाखवतो आणि सेल गिळतो.

"दोन्ही घे," आनंदशेठ वैतागून म्हणाला. "चालताना डायनॅमो, थांबलास की बॅटरी. पोरीचं लग्न जमवतोय तसा बसलास तासभर."

त्याने दोन्ही घेतले. मोठा बल्ब, चांगले सेल, जुना वापरलेला डायनॅमो. मंजुळेच्या चपला त्या महिन्यात राहिल्या.

पुढचे दोन महिने त्याने कसे काढले, हे त्याच्याखेरीज कोणाला कळणे शक्य नव्हते. शहाडहून निघाले की पहिल्या उतारावर डायनॅमो पेटे तेवढी पन्नास पावले सुखाची. मग चढ लागे, उजेड विझे, आणि तो उतरून एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात हँडल धरून चालत राही. प्रत्येक सावली त्याला उघड्या खड्ड्यासारखी दिसे. कधी एखादे कुत्रे अंगाजवळून धावत जाई आणि त्याला ते कुठून आले, कुठे गेले हे कळत नसे. फक्त नखांचा आवाज. चालत गेल्यामुळे पाणी उशिरा सुटू लागले. शेवटच्या वसाहतीत प्रमोदिनी दातार नावाच्या एक बाई राहत. त्या सोसायटीच्या चिटणीस होत्या, निवृत्त शिक्षिका होत्या, आणि त्यांच्या तक्रारी शुद्ध भाषेत, तारीख-वेळ घालून, तीन प्रतींत जात. सहदेवविरुद्ध त्यांच्या दोन तक्रारी गेल्या होत्या. मुकादमाने त्याला बोलावून सांगितले, "तिसरी आली तर साहेब चौकशी लावतील. डॉक्टरीपण करायला लावतील, दारू पितोस का बघायला."

तिसरी तक्रार आणि ट्रंकेतला कागद यांमध्ये आता फक्त ती बॅटरी होती. म्हणून तो तिला जपे. सेल उतरू लागले की त्याची आई भागीरथी ते दुपारी पत्र्यावर उन्हात ठेवी. हे सारे गाव करी. ऊन खाल्लेला सेल रात्री थोडा तरी उजेड देई, हे प्रत्येकाने पाहिलेले होते. आईला मुलाच्या डोळ्यांचे ठाऊक नव्हते. तिला एवढेच ठाऊक होते की त्याचा जीव या सेलांत अडकलेला असतो.

माघातल्या अमावास्येच्या आदल्या दिवशी सहदेवने नवे सेल आणून बॅटरीत घातले आणि पाळीहून आल्यावर नेहमीसारखा दुपारभर झोपला. झोपेतच त्याला आईचा आवाज ऐकू आला होता, "उनान ठेवले का सेल पुन्ना जिते होतान, बाला." तो कुशीवर वळला. जुन्या सेलांबद्दल म्हणत असेल, असे त्याला वाटले.

अमावास्येच्या पहाटे पहिले तीन व्हॉल्व्ह नीट उघडले. चौथा खड्डा एका गल्लीच्या वळणावर, रस्त्याच्या मधोमध होता. चारही बाजूंना एक दिवा नव्हता, आणि आभाळात चंद्र असण्याचा प्रश्न नव्हता. सायकल त्याने दहा-बारा पावलांवर कुंपणाला टेकवली, बॅटरी काखेत धरली, आकडा लावला आणि झाकण ओढले. रस्ता तिथे उतरता होता. झाकण त्याच्या हातून सुटून खरखरत कुठेतरी बाजूला गेले. त्याने चावी खाली सोडली, आटे मोजत फिरवले, सत्तावीस. खाली पाण्याचा घोगरा आवाज सुरू झाला.

तेवढ्यात बॅटरी तांबडी झाली. त्याने ती झटकली. क्षणभर पांढरी झाली, आणि विझली.

त्याने एका हाताने चावी धरून ठेवली आणि दुसऱ्या हाताने, गुडघ्यांत बॅटरी दाबून, मागचे टोपण काढले. सेल हातात घेताच त्याच्या नाकाला वास आला. सुकत घातलेल्या मांदेलीचा वास. त्याने एका सेलाचे टोक जिभेला लावले. खारट. सेलाच्या टोपीवर मिठाचा खरखरीत थर बसला होता. आईने जुने सोडून नवेच सेल काढून, खारवलेल्या मासळीच्या चटईवर, मासळीच्या ओळीतच उन्हात मांडले होते. जुन्यांना ऊन मानवते तर नव्यांना किती मानवेल, असा तिचा हिशेब. त्याने सेल सदऱ्याला घासघासून परत घातले. बॅटरी एकदा डोळा उघडल्यासारखी लुकलुकली, आणि मग काहीच नाही.

आता त्याच्याभोवती जे होते त्याला अंधार हा शब्द पुरा पडत नव्हता. निरोगी माणसाला अंधारात कुंपण दिसते, रस्त्याची पांढरट रेघ दिसते. सहदेवला स्वतःचा हात दिसत नव्हता. त्याला दोनच गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. हातातली चावी खड्ड्यात उभी आहे, आणि त्या चावीच्या भोवती पुरुषभर खोल पोकळी आहे. झाकण कुठे गेले, माहीत नाही. त्याने पाय लांबवून चाचपले. अंगठ्याला नुसती खडी लागली. आणखी लांबवला, तर टाचेखालची माती सुटून आत पडली आणि खाली साचलेल्या पाण्यात बुडाल्याचा आवाज झाला. त्याने पाय ओढून घेतला आणि तो खाली बसला.

सायकलपर्यंत जाता आले तर मागचे चाक उचलून, हाताने पायडल फिरवून, डायनॅमोचा उजेड पाडता आला असता. पण चावी सोडली तर परत चावीपाशी येणे देवाच्या हातात. आणि तो इकडे तिकडे चाचपडत असताना कोणी आले तर? या रस्त्याने दूधवाला जाई. गिरणीतून सुटलेले लोक जात. कोणाजवळ दिवा नसे, कारण दिवा पोलिसासाठी असतो आणि पोलीस या वेळी झोपलेला असतो.

ओरडावे, असे त्याला वाटले. दोन्ही बाजूंना घरे होती. कोणीतरी कंदील घेऊन आले असते, झाकण सापडले असते. पण मग त्या माणसाने विचारले असते की झाकण इथेच आसपास असताना तुला दिसले कसे नाही. सकाळपर्यंत ते आनंदशेठच्या बाकड्यावर पोहोचले असते, दुपारपर्यंत खात्यात. तो तोंड मिटून बसला. उजाडायला दीड तास होता. दीड तासात कोणी येणार नाही, असे तो स्वतःला सांगत राहिला, आणि आपण कशावर जुगार खेळतो आहोत हे त्याला पक्के कळत होते.

पहिली सायकल आली ती साखळीच्या आवाजावरून कळली.

"कडेनं," तो कसाबसा म्हणाला. "कडेनं जा, काम चालू हाय."

"एवढ्या अंधारात कसलं काम करतो रे?" सायकलवाला म्हणाला, आणि वारा लागेल इतक्या जवळून गेला. दुधाच्या किटल्या एकमेकींवर आपटल्या. सहदेवने दोन्ही हातांनी चावी घट्ट धरली, आणि ती खाली व्हॉल्व्हवर खडखडली.

त्यानंतर किती वेळ गेला हे त्याला सांगता आले नसते. पाचवा व्हॉल्व्ह अजून बंद होता. शेवटच्या वसाहतीत बादल्या रांगेत लागल्या असतील, दातारबाईंनी घड्याळ पाहिले असेल. तिसरी तक्रार. तो हे मनात म्हणतो आहे तोच पावलांचा आवाज आला.

सायकल नव्हे, पावले. हलकी, चपलांची, आणि मुद्दाम आवाज न करता टाकलेली. कोणी दिवा घेऊन येत असते तर निदान एखादा पिवळा ठिपका त्याच्या नजरेच्या पाइपात आला असता. काही आले नाही. पावले गल्लीच्या बाजूने, थेट मधोमध येत होती. दहा पावले. आठ. ही बाई असावी, असे त्याला वाटले, कारण बांगडी वाजली. आणि एका क्षणात त्याला पुढचे सारे दिसले, जे डोळ्यांनी दिसत नव्हते ते: चप्पल कडेवरून घसरते, हात हवेत जातो, खाली पाणी.

"थांबा," तो ओरडला. इतक्या मोठ्याने तो आयुष्यात ओरडला नव्हता. "पुढं नका येऊ. खड्डा उघडा हाय. मला दिसत नाय. मला काय पण दिसत नाय, बाई, तुमी थांबा तिथंच."

पावले थांबली. मग एक बॅटरी पेटली आणि तो उजेड त्याच्या तोंडावर आला.

"केणे?" प्रमोदिनीबाईंचा आवाज होता. तो नेहमीसारखा करडा निघाला. उजेड खाली उतरला, आणि त्यांना स्वतःच्या चपलेपासून दीड हातावर खड्ड्याची कड दिसली. बाई तशाच उभ्या राहिल्या. मग त्या हळूहळू मागे सरल्या आणि रस्त्याच्या कडेला दगडावर टेकल्या.

"मी बॅटरी मुद्दाम बंद ठेवली होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठेतरी झोपलेले असणार, असं वाटलं. झोपलेले असताना पकडायचं होतं तुम्हाला."

"झोपलो नव्हतो."

"ते दिसतंय. झाकण तिथे आहे, तुमच्या डाव्या हाताला. एवढं जवळ. ते नाही दिसत?"

"नाय."

"किती दिवस?"

"दिवाळीपासून."

"आणि दिवाळीपासून तुम्ही रोज रात्री पाच खड्डे उघडता?"

बाईंनी उजेड धरला, त्याने झाकण ओढून बसवले, आणि दोघे पाचव्या व्हॉल्व्हकडे चालत गेले. बाई पुढे, उजेड मागे वळवून. तो सायकल ढकलत त्यांच्या पावलांत पाऊल टाकत. पाणी सुटले तेव्हा सव्वापाच झाले होते. रांगेतल्या बायकांनी त्याला जे ऐकवायचे ते ऐकवले. एकीने दारूचे नाव घेतलेच. बाईंनी तिच्याकडे पाहिले आणि ती गप्प झाली.

उजाडल्यावर प्रमोदिनीबाईंनी ओट्यावर त्याला चहा दिला आणि कार्बनचे कागद घालून लिहायला बसल्या.

"मला लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. "आज मी पडले असते. खांबांचं लिहीन, दिव्यांचं लिहीन, उतारावरच्या झाकणाचं लिहीन. तुमचं लिहायचं की नाही ते तुम्ही सांगा. नाही म्हणालात तर नाही लिहिणार. माझी दोन पत्रं आधीच गेली आहेत, त्यांचं मला आता फार बरं वाटत नाही."

सहदेवने मनात दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. हो म्हटले तर डॉक्टरी, घरी बसणे, आईचे विचारणे. नाही म्हटले तर उद्या पहाटे साडेतीनला पुन्हा तोच खड्डा, आणि चपलांचा आवाज.

"लिहा," तो म्हणाला. "पण दिवसाचं काम मागा. पंपावर वही ठेवायची, असलं कायतरी. सातवी शिकलोय मी."

बाईंनी लिहिले आणि वाचून दाखवले. भाषा अर्जाची होती, सहदेवला अर्धी कळली. सदर कर्मचारी चौदा वर्षे इमानेइतबारे सेवेत असून त्यांना हल्ली रात्रीच्या वेळी थोडे कमी दिसते.

"'थोडं' खोडा," तो म्हणाला.

बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "खोडलं तर ते तुम्हाला घरीच बसवतील, केणे. मला माहीत आहेत ही माणसं."

"'थोडं' लिहिलं तर ते मला रात्रीलाच ठेवतील. बोलतील, थोडंच कमी दिसतं ना, मग जा. आणि मी जाईन. मला ठावकी हाय, मी जाईन."

बाईंनी "थोडे कमी दिसते" यावर काट मारली आणि वर "दिसत नाही" असे लिहिले. कार्बनखालच्या दोन्ही प्रतींवरही ते उमटले आहे का, हे त्याने स्वतः पाने उलटून पाहिले. मग पेन घेतले. आधी मनगट ओट्याच्या कडेला टेकवले, आणि दिवसाच्या उजेडात, तिन्ही कागदांवर, एकेक अक्षर जोडत पूर्ण नाव लिहिले.